मुंगीचं कुंपण

पाटबंधारे खात्याची वेबसाइट कायमची बंद व्हायला चाळीस मिनिटं उरली होती आणि धाकटे साडू शांतपणे चहा पीत होते. थोरल्यांना ते बघवत नव्हतं.

दोघं सख्ख्या बहिणींचे नवरे, आणि नशिबाने एकाच कचेरीत. सरकारी वेबसाइट बंद पडायच्या आत तिची नक्कल काढायची आणि सार्वजनिक संग्रहात जपून ठेवायची, हे तिथलं काम. कचेरीतही त्यांना थोरले आणि धाकटे असंच म्हणत.

"झालं, दादा," धाकट्यांनी कप खाली ठेवला. "आठ हजार पानं. एक धरण सुटलं नाही."

"वा, साडूराव," थोरले म्हणाले आणि आपल्या स्क्रीनकडे वळले. त्यांचं वजनमापे खातं तीन दिवस निम्म्यावरच अडकलं होतं.

गेल्या वर्षी धाकट्यांनी मत्स्य खात्याची वेबसाइट अशीच शेवटच्या घटकेला वाचवली होती. संचालकबाईंनी प्रशस्तिपत्र दिलं. सासूबाईंनी ते चौकटीत बसवून दिवाणखान्यात टांगलं. त्या खिळ्यावर आधी थोरल्यांच्या लग्नाचा फोटो होता.

आता विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली होती. शुक्रवारी पाचपर्यंत अर्ज, मग कर्मचारी पोर्टल आपोआप गुण मोजणार, सोमवारी नेमणूक. प्रशस्तिपत्राला दहा गुण होते.

"दादा, तुमचा अर्ज गेला ना?" धाकट्यांनी विचारलं.

"पहिल्याच दिवशी. का?"

"नाही, सहज. मला मेलं टेन्शन आलंय."

"तुम्हाला कसलं टेन्शन," थोरले म्हणाले.

धाकटे नुसते हसले आणि संचालकबाईंच्या केबिनमध्ये गेले. काचेपलीकडे ते हात हलवून बोलत होते, बाई मान डोलवत होत्या. वीस मिनिटं. थोरल्यांनी घड्याळ लावून मोजली.

"तुमच्याबद्दलच बोलत होतो," बाहेर येऊन धाकटे म्हणाले.

"कळलं मला," थोरले म्हणाले.

घरी बायकोने भाजी चिरता चिरता विचारलं, "अहो, धाकटीकडे पडदे बघितलेत का? भावजींनी स्वतः लावलेत."

"आपल्याकडे काय खिडक्या उघड्या पडल्यात?"

"मी काही म्हटलं का? पडद्याचं बोलले."

त्या रात्री थोरल्यांना झोप लागली, पण स्वप्नात पडदे आले.

शुक्रवारी काम आलं ते कर्मचारी पोर्टलचंच. सोमवारची नेमणूक झाली की जुनं पोर्टल मोडीत निघणार होतं. संचालकबाईंनी नमुन्यादाखल एका कर्मचाऱ्याच्या खात्यातून दिसणारी सगळी पानं जपायला सांगितली. धाकट्यांनी आपलंच खातं दिलं. थोरल्यांना हासुद्धा मोठेपणाच वाटला.

नक्कल काढणाऱ्या प्रोग्रॅमला कचेरीत मुंगी म्हणत. मुंगीला एका पानावर सोडलं की ती दिसेल त्या दुव्यावर टिचकी मारत पुढे जाई. तिला अक्कल नव्हती. म्हणून आधी कुंपण घालायचं, म्हणजे कुठे टिचकी मारायची नाही त्याची यादी द्यायची. या पोर्टलवर तर कुंपण हवंच होतं. ते इतकं जुनाट होतं की कर्मचाऱ्याची माहिती आधीच भरलेली असे, आणि दुव्यावर एक टिचकी पडली की अर्ज थेट सादर. खात्री आहे का, एवढंसुद्धा विचारायची पद्धत नव्हती.

धाकट्यांनी सकाळभर बसून कुंपण घातलं. दीड वाजता डबा उचलला.

"दादा, चला जेवायला."

"तुम्ही व्हा पुढे. आलोच."

थोरले धाकट्यांच्या खुर्चीत बसले. खुर्चीसुद्धा चांगली होती मेली. स्क्रीनवर यादी उघडीच होती, आणि तिच्यात मधोमध लिहिलं होतं: स्वेच्छानिवृत्ती.

थोरल्यांनी आजूबाजूला पाहिलं. मग अख्खी यादी पुसली आणि मुंगी सोडली.

सोमवारी सकाळी ते नवा शर्ट घालून आले. धाकटे कपाळाला हात लावून बसले होते.

"दादा, जरा बघा हो हे. पोर्टलला वेड लागलंय."

स्क्रीनवर उत्तरांची रांग लागली होती. धाकट्यांचा बाळंतपणाच्या रजेचा अर्ज नामंजूर, कारण अर्जदार पुरुष. बेटावरच्या कार्यालयात बदली नामंजूर, कारण ते बेट दुसऱ्या खात्याकडे. घोड्याच्या चाऱ्याचा भत्ता मंजूर, घोडा हजर करावा.

थोरल्यांनी ओठ चावून हसू दाबलं. "अरेरे. आणि निवृत्ती वगैरे?"

"तीही मागितलीय मी म्हणे. नामंजूर. वीस वर्षं भरली नाहीत ना."

थोरल्यांचं हसू जागच्या जागी विरलं. "असो. वाचलात."

तेवढ्यात संचालकबाई हातात एक लिफाफा घेऊन आल्या. थोरले उठून उभे राहिले, शर्ट नीट केला. बाई त्यांच्या शेजारून पुढे गेल्या.

"अभिनंदन, विभागप्रमुख," त्या धाकट्यांना म्हणाल्या. "चार गुणांनी. त्या दिवशी माझ्या केबिनमध्ये येऊन ही जागा दादांनाच द्या म्हणून वीस मिनिटं भांडत होतात, आणि शेवटी हळूच स्वतःचा अर्ज टाकलात."

बाई गेल्या. धाकट्यांनी लिफाफा फोडून पत्र दोनदा वाचलं. मग थोरल्यांकडे वळले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"आईशप्पथ, दादा, तुम्ही असताना मी कसा अर्ज भरीन? यात वेळ लिहिलीय, शुक्रवारी दुपारी एक पस्तीस. तेव्हा तर मी तुमची वाट बघत जेवायचा थांबलो होतो."