पहिल्या पाच ओळींत शे

चिंधा नानांनी चार दिवसांत सोनगीरची सगळी भांडणं सभ्य करून टाकली होती.

त्यांची नात दिपमाला धुळ्याहून बसने आली, नानांकडे ठेवलेला आपला लॅपटॉप उघडला आणि पहिलं पान दोनदा वाचलं. ती ज्या एडिटरमध्ये कोड लिहायची, त्यातच नाना बांधावरच्या भांडणांचा कोश टाइप करत होते. अस्सल अहिराणीत. गेल्या आठवड्यापर्यंत तरी. 'मना बैल तुनापेक्षा शहाना शे' याचं आता 'माझा बैल आपल्यापेक्षा सुज्ञ आहे' झालं होतं.

"नाना, हे काय केलंत?"

"शे लिखं का मशीन लाल रेघ मारे. आहे लिखं का रेघ निंघी जाय." नाना खाली बघत म्हणाले. "त्याले जास्ती समजत व्हई. परवा छापाले देनं शे, असंच देऊत."

सत्तर वर्षांत नानांनी तलाठ्याचं ऐकलं नव्हतं, डॉक्टरचं ऐकलं नव्हतं. ऐकलं ते एका रेघेचं.

"त्याला काही समजत नाही. तो तुमची फाइल मराठी समजून तपासतोय."

जुनी प्रत शाबूत होती. दिपमालाने ती उघडली. पानभर लाल रेघा. मग सेटिंगमध्ये जाऊन तिने एक नियम लिहिला: पहिल्या पाच ओळींत 'शे' दिसलं, की फाइल अहिराणी. मराठीचा तपास बंद.

रेघा एका झटक्यात गेल्या. खालच्या पट्टीवर अक्षरं उमटली, 'भाषा: अहिराणी'. नानांनी ती तीनदा मोठ्याने वाचली. तिसऱ्यांदा शेजारच्या केसरबाईला ऐकू जाईल अशी.

मग दिपमालाचं लक्ष तिने कॉलेजसाठी टाइप केलेल्या नोटिशीच्या फाइलकडे गेलं. 'परीक्षा अर्जाची शेवटची तारीख.' पट्टीवर: 'भाषा: अहिराणी'.

"अरे देवा. 'शेवटची'मधला शे धरलाय. थांबा, दुरुस्त करते."

नानांनी तिचं मनगट धरलं. "हात लावू नको माय. वरतून मराठी दिखस, मझार आपलीच शे."

तिने प्राचार्यांचं भाषण उघडलं. 'शेकडो विद्यार्थ्यांच्या साक्षीने...' अहिराणी.

नाना खुर्ची ओढून पुढे सरकले. चष्मा पुसला, नाकावर बसवला.

"आते मुंबईनं काही उघाड बरं."