मुळांची तक्रार

“पानं अजून पिवळीच आहेत हो,” भाऊ फोनवर म्हणाले आणि समोरच्या हिरव्यागार रोपांकडे त्यांनी पाठ फिरवली. रोपांच्या तोंडावर खोटं बोलायला त्यांची जीभ रेटत नव्हती.

“देठ कसे आहेत?” पलीकडून मॅडमनी विचारलं.

“मलूल.”

“आणि मुळं?”

“अगदीच तोकडी.”

मागे हिरव्या जाळीखाली मिरचीची रोपं ट्रेमध्ये खेटून उभी होती. एखादं उपसलं की मुळं मातीचा गोळा घट्ट धरूनच बाहेर येत. इतकी दणकट रोपं भाऊंच्या रोपवाटिकेत आजवर झाली नव्हती. सगळी करामत मॅडमच्या पावडरीची. मायकोरायझा म्हणतात तिला, मुळांना जडणारी बुरशी. तिचे तंतू मातीत लांबवर पसरतात आणि मुळांचा हात पोहोचत नाही तिथलं अन्नपाणी रोपाला आणून देतात.

सुरुवातीची तक्रार मात्र खरी होती. पहिल्या पाकिटाने काडीचाही फरक पडला नव्हता, म्हणून भाऊंनी पाकिटावरच्या नंबरवर फोन लावला. बराच वेळ संगीत वाजलं, मग एकाने दुसऱ्याकडे, दुसऱ्याने तिसऱ्याकडे फोन टोलवला आणि शेवटी मॅडम आल्या. भाऊंनी तोंडाचा पट्टा सोडला. मॅडमनी तो निमूट ऐकून घेतला.

“पावडर वरून भुरभुरलीत ना?”

“मग कुठे टाकायची, डोक्यावर?”

“बियांच्या खाली. मूळ फुटलं की पहिल्यांदा तिलाच भिडलं पाहिजे. आणि वरून बुरशीनाशक ओतत असाल तर ते आधी थांबवा. एका हाताने बुरशी द्यायची, दुसऱ्या हाताने मारायची, असं कसं चालेल, भाऊ?”

भाऊंना हसू आलं. बायको गेल्यापासून त्यांना असं रागे भरणारं कोणी उरलं नव्हतं. सगळा गाव त्यांना भाऊ म्हणे, पण त्या हाकेमागोमाग ‘रोपं कशी दिली?’ एवढंच येई. मुलगा दूरदेशी. त्याचा फोन यायचा, पण तो घड्याळाकडे बघत बोलतोय हे आवाजावरून कळायचं.

मॅडमनी सांगितलं तसं केलं आणि पुढच्या खेपेची रोपं तरारली. भाऊ ती आनंदाची बातमी देणारच होते, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, “तक्रार मिटेपर्यंत मी दर सोमवारी फोन करीन. कंपनीचा नियम आहे. मिटली की बंद.”

“नाही मिटलेली,” भाऊ पटकन बोलून गेले.

तेव्हापासून ती काही मिटली नाही. टोमॅटो झाला, वांगी झाली, आता मिरची. रोपं जोमाने वाढत होती आणि भाऊ फोनवर त्यांना एकेक रोग लावत होते. मॅडम फुकट पाकिटं पाठवत. हल्ली ती साध्या पिशवीत येत, वर हाताने लिहिलेलं नाव. कंपनीने छपाईचाही खर्च वाचवलेला दिसत होता. मध्येच भाऊंनी फोन लावला, तरी आता संगीत वाजत नसे, थेट मॅडमच उचलत.

रोपांवरून गाडी दुसरीकडे वळे. भाऊंचे गुडघे. मॅडमचा चष्मा, जो त्यांना कधीच सापडत नसे. एकदा बोलता बोलता पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

“जेवायची वेळ झाली वाटतं?” भाऊंनी विचारलं.

“हो, इथे... सगळे इथेच करतात,” मॅडम म्हणाल्या.

चांगली कंपनी आहे, भाऊंना वाटलं.

मिरचीच्या मुळांची चौकशी संपली, तरी त्या दिवशी फोन चालूच राहिला. न राहवून भाऊंनी विचारलं, “इतका वेळ बोलता, तुमचे साहेब काही म्हणत नाहीत?”

“म्हणतात ना. चांगलेच तापलेत. एका गिऱ्हाइकाची तक्रार इतके दिवस सुटत नाही म्हणजे काय! नोकरीवर गदा आणतील एखाद दिवशी.” आणि मॅडम हसल्या.

भाऊंना काही हसता आलं नाही. आपल्या चार शब्दांच्या हावेपायी एका भल्या बाईचं पोट मारायचं? खरं सांगितलं तर सोमवार गेला. मग आठवड्याला अर्थ तो काय राहणार? त्यांनी दोन दिवस मनाशी घोळ घातला. तिसऱ्या दिवशी मिरचीचा सगळ्यात देखणा ट्रे निवडला, तो छातीशी धरला आणि पहिल्या पाकिटावरच्या पत्त्यावर जायला बस पकडली.

वाटभर ते पुटपुटत होते. “साहेब, पावडर अव्वल आहे. खोटारडा मी आहे. बाईंना बोल लावू नका.”

गल्ली अरुंद होती. दुमजली इमारत, खाली शिंप्याचं दुकान. वर पाटी असावी तिथे चार गंजके खिळे होते.

“बुरशीच्या पावडरीची कंपनी इथेच ना?” भाऊंनी विचारलं. “मला साहेबांना भेटायचंय. जरा महत्त्वाचं आहे.”

शिंप्याने मशीन थांबवलं. आधी ट्रेकडे पाहिलं, मग भाऊंकडे.

“कुठले साहेब? कंपनीला टाळं लागून वर्ष उलटलं. तिथल्या एक बाई तेवढ्या मागे राहिल्यात वरच्या खोलीत. गच्चीत कुंड्यांमध्ये मका लावतात आणि त्याच्या मुळांवर ती बुरशी वाढवतात. विकत मात्र कोणालाच नाहीत.” त्याने दोरा दाताने तोडला. “एका गिऱ्हाइकाची तक्रार आहे म्हणे. ती मिटू नये म्हणून देव पाण्यात घालून बसल्यात.”