रिकामी खुर्ची

पायांना बांधलेल्या यंत्राचे पट्टे आवळून झाले आणि शेखर उभा राहिला. द्वारकाबाई मान वर करून बघतच राहिल्या. आंब्याच्या झाडावरून पडून कमरेखाली लुळा झाल्यापासून लेकाची उंचीच त्या विसरल्या होत्या.

मोटर घरघरली आणि एक पाय पुढे पडला. त्यांना त्याचा पांगुळगाडा आठवला. भान विसरून त्या समोर उकिडव्या बसल्या आणि हात पसरले. "ये, ये रे सोन्या!"

कुबड्या टेकत तो हातांपर्यंत पोचला. त्यांना मात्र उठता येईना. इतकी वर्षं त्याला उचलून पलंगावर ठेवताना गुडघे पार झिजले होते. त्याने हात पुढे केला, तशा शेजारी उभ्या असलेल्या, त्याच्याकडून व्यायाम करून घेणाऱ्या बाई ओरडल्या, "वाकू नका, तोल जाईल!"

बाईंनीच त्यांना धरून उठवलं. बसायला जवळ होती फक्त त्याची चाकांची खुर्ची. त्या घुटमळल्या.

"बस गं आई, मी काही पळून जात नाही," शेखर म्हणाला. "यंत्र काढेपर्यंत उभं राहायची पाळी माझी."

वर्षानुवर्षं ढकललेल्या त्या खुर्चीत त्यांनी पाठ टेकली, आणि आपण किती दमलोय ते तेव्हा कुठे कळलं.