चारशे बारा जोडण्या

"पलीकडचा फोन कधीच बंद पडलाय, तरी चारशे बारा कॉल चालूच आहेत," विभावरी यशोधनला म्हणाली. "कोडमध्ये जोडणी मोडणारी ओळच राहून गेली होती. आज घातली."

"अगं, पण त्यांवर बोलतंय कोण?"

"प्रणालीच. आवाज तुटला की त्याच आवाजात पुढची वाक्यं ती रचते, हे मी तुला सांगायचं?"

जगभरातले जाणकार मिळून लिहितात त्या मुक्त प्रणालीच्या दंडकाप्रमाणे सहकारी यशोधनने तो बदल तपासला आणि निर्दोष ठरवला. तिथे ओळी वाचण्याचा परिपाठ होता. माणसे वाचण्याचा नव्हता.

दुपारी दापोलीहून वडिलांचा फोन आला. "विभा, आई बोलता बोलता थांबली गं."

आई जाऊन चौदा महिने झाले होते. रुग्णालयातून तिने केलेला शेवटचा कॉल त्यांनी आजवर बंद केलाच नव्हता.

"ती नाही, ते कळतं मला. पण आमटीला आमसुलं किती, एवढं सांगतच होती. तुला येतं ना हे सगळं? दे जोडून."

मोडलेली जोडणी पुन्हा जुळू नये, याचा बंदोबस्त विभावरीनेच केला होता, आणि तो चोख होता.

"नाही जमत, बाबा," ती म्हणाली. समोरच्या पडद्यावर देशोदेशींच्या जाणकारांकडून त्या बदलाबद्दल तिला शाबासकी येत होती.