डिझेलवाली

“डिझेलवाली घे,” कुसाबाई म्हणाली आणि पदरानं कपाळ पुसत गॅरेजच्या फाटकाकडे चालायला लागली.

जीवन आईकडे बघतच राहिला. द्वारका चौकाजवळच्या भिमाजीच्या गॅरेजात दोन सेकंडहँड गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक पेट्रोलची पांढरी व्हॅन, एका डॉक्टरांनी सहा वर्षं जपून वापरलेली. दुसरा डिझेलचा टेम्पो, अकरा वर्षं भाजीपाला वाहून दमलेला, पत्रा चार ठिकाणी ठोकून सरळ केलेला. मखमलाबादच्या मळ्यातला झेंडू आणि शेवंती रोज पहाटे फुलबाजारात न्यायची होती. अंतर सहा-सात किलोमीटर. फुलांना वजन ते किती! डिझेल तेव्हा पेट्रोलच्या निम्म्या भावात मिळायचं, हे खरं. पण एवढ्याशा फेरीत वाचणार काय? उलट इंजिनाचा डिझेल-पंप बिघडला की जुनी डिझेल गाडी महिना महिना गॅरेजात पडायची. जीवननं आठवडाभर विचार करून व्हॅन मनात पक्की केली होती.

टेम्पोला कुणी विरोध केलाच तर तो आईच करील, असं त्याला वाटलं होतं. डिझेलच्या वासानं तिला मळमळायचं. सप्तशृंगीच्या घाटात दर वर्षी तिच्यासाठी गाडी थांबवावी लागायची.

“भिमाजीकाका, तुम्ही तरी सांगा हिला.”

“मी काय सांगू?” भिमाजी हसला. “तुझा बाप उभा हाय की हितं. अख्ख्या पंचवटीनं ज्याला विचारून गाड्या घेतल्या, त्याला सोडून मला विचारतो व्हय?”

ते खोटं नव्हतं. गोटीरामनं बावीस वर्षं दुसऱ्याचा डिझेल टेम्पो नाशिक-मुंबई चालवला होता. दिंडोरीची द्राक्षं, सिन्नरचा कांदा, काय काय घेऊन तो कसारा घाट उतरला होता. केबिनमध्ये इंजिन मांडीला लागून असायचं. त्या काळी कुणी जुनी गाडी घ्यायला निघालं की आधी गोटीरामला इंजिन ऐकवायला आणायचं. दर रविवारी मळ्याच्या रस्त्यावर एखादी जीप, एखादा टेम्पो उभाच. गोटीराम डोळे मिटून ऐकायचा. मग सांगायचा, “घे, दहा वर्षं बघायला नको,” नाहीतर “आल्या पावली परत कर.” त्याचा शब्द चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. जीवन लहानपणी शाळेत ऐटीत सांगायचा, माझ्या आबांना इंजिन बोललेलं कळतं.

“आबा, तुम्हीच सांगा. कोणती घेऊ?” व्हॅनच्या खाली वाकून चाकं बघता बघता जीवननं विचारलं.

गोटीराम काहीच बोलला नाही. जीवननं उठून, जरा चिडूनच परत विचारलं, तेव्हा तो हसला. “तुला पटंल ती घे.”

एवढंच. जीवनला ते लागलं. दोन वर्षं झाली, आबा असेच वागत होते. कशात मत नाही, कुणाशी वाद नाही. सातपूरच्या कंपनीतली नोकरी सोडून जीवननं फुलशेती धरली, तेव्हापासूनचं हे गप्प बसणं. राग गेलेला नाही, असं त्यानं मनाशी धरून टाकलं होतं. पण घरच्या पहिल्या गाडीबद्दलसुद्धा एक शब्द नसावा?

कुसाबाई मात्र हटली नाही. ती क्वचित हट्ट धरायची, म्हणून धरला की मोडता यायचा नाही. दसरा तोंडावर आला होता. शेवटी टेम्पोच घरी आला.

दुसऱ्या दिवशी पहाटे फुलांचे क्रेट भरून जीवननं स्टार्टर मारला. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा टेम्पो धडधडून उठला आणि सगळा मळा हादरला. कुत्री भुंकायला लागली. ओट्यावर चहा पीत बसलेल्या गोटीरामनं कप खाली ठेवला. अनवाणीच आला. बॉनेटवर तळहात टेकवला आणि डोळे मिटले.

“रेस दे,” तो म्हणाला. “सोड. आता परत दे.”

जीवननं दिली.

“एक नोझल चुकतंय. भिमाजीला म्हणावं मधलं काढून बघ. बाकी इंजिन लय गुणाचं हाय.” आणि कुणी न बोलावताच तो केबिनमध्ये चढून बसला.

बाजारापर्यंत तो बोलत होता. घाटात ब्रेक गेले तेव्हा टेम्पो डोंगराला कसा घासत नेला, इगतपुरीला धुक्यात क्लीनर पुढे कंदील धरून कसा चालला, सगळं. मखमलाबाद रोडला तेव्हा दोन्ही बाजूंनी मळेच होते. उजाडत होतं. जीवन नुसता ऐकत होता. दोन वर्षांत त्याच्या वाट्याला आबा एवढे आले नव्हते.

दुपारी कुसाबाई खळ्यात उरलेली शेवंती निवडत बसली होती. जीवन तिच्याजवळ जाऊन बसला.

“आई, तुला तर डिझेलचा वास सोसत नाही. मग हाच टेम्पो का?”

कुसाबाईनं आधी ओट्याकडे बघितलं. ओट्यासमोर गोटीराम टेम्पोच्या काचा पुसत होता.

“गॅरेजात तू व्हॅन चालू केलीस, अन् खाली उतरून भिमाजीशी बोलत राहिलास. इंजिन चालूच होतं. तुझे आबा माझ्याशेजारी उभे होते. मला म्हणाले, ‘पोरगं अजून स्टार्टर का मारत नाय?’”

जीवनच्या हातातलं फूल तसंच राहिलं.

“त्यांना वाटतंय, घरात कुणाला ठाऊक नाय. तसंच राहू दे,” ती म्हणाली. “फक्त त्यांच्याशी बोलताना समोर येऊन बोलत जा.”