दुधाच्या डब्याएवढं

"रडायचं नंतर. आधी माप," आंटी मावुसी म्हणाल्या.

डोट्सेने नाक पुसलं. टेबलावर चढत्या मापाची तीन भांडी होती: दुधाचा छोटासा रिकामा डबा, धान्य मोजायचा ओलोंका आणि बादली.

"पेन्सिल मोडली," म्हणत त्याने दुधाच्या डब्यावर बोट ठेवलं.

"मग?"

"आपलं आपण निस्तरायचं." आणि दातांनी पेन्सिल सोलत तो जागेवर गेला.

ओलोंकाभर अडचण असेल तर मित्राला घ्यायचं. बादलीभर असेल तरच मोठ्या माणसाला हाक मारायची. गेल्या महिन्यात वर्गात साप निघाला, तेव्हा दोघं ओलोंका म्हणत होते. साप लांबीला कमी होता. शेवटी हात वर करून बादली ठरली.

तपासनीस अग्बेको मागच्या बाकावरून सगळं पाहत होते. ही शाळा बंद करून मुलांना नदीपलीकडे धाडायचा कागद त्यांच्या पिशवीत तयार होता. सही तेवढी बाकी होती. पण त्यांच्या घरी अंडं कोणाचं मोठं, यावरून तीन पोरं रोज पोलिसांना बोलवायला निघत. इथे एकतीस पोरं, आणि हूं की चूं नाही.

आंटी फळ्याकडे फिरकत नव्हत्या. फळ्यावर मुलंच लिहीत होती, धाकट्यांना थोरले शिकवत होते, हजेरी मोठ्या एसिनामने घेतली. 'आधुनिक पद्धत,' अग्बेकोंनी वहीत टिपलं. मधल्या सुट्टीत आंटींनी त्याच ओलोंक्याने चवळी वाढली. एक दाणा खाली पडला नाही. 'हात बसलेला,' त्यांनी खाली जोडलं.

जेवण झाल्यावर त्यांनी पिशवीतला कागद काढून उभा फाडला.

"आंटी, वीस वर्षं शाळा तपासतोय, पण असलं शिक्षण पाहिलं नाही. शाळा राहील, हा माझा शब्द. आता शिक्षिकेचं पूर्ण नाव सांगा, जिल्ह्याला कळवतो."

आंटींनी पातेल्यावर झाकण ठेवलं आणि एसिनामकडे पाहिलं.

एसिनाम उभी राहिली. "मॅडम ईस्टरला गावी गेल्या त्या आल्याच नाहीत, सर. आंटी फाटकापाशी चवळी विकतात."

अग्बेकोंच्या हातात कागदाचे दोन तुकडे तसेच राहिले.

"तुम्हाला कळवणारच होतो," ती म्हणाली. "पण आधी माप लावलं. दुधाचा डबा निघाला."