चोपन्न सेकंद

काटा साठावर होता. पुढच्या सीटवर बसलेले सासरे मात्र काट्याकडे बघतच नव्हते. त्यांचं लक्ष मनगटावरच्या घड्याळाकडे आणि रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांकडे होतं. एक दगड मागे गेला. पुढचा आला. चोपन्न सेकंद. साठच्या वेगाने पुरतं मिनिट लागायला हवं होतं.

बत्तीस वर्षं त्यांनी असल्याच डोंगरात बस चालवली होती. जावयाने गाडीला मापापेक्षा मोठे, रुंद टायर बसवून घेतले होते. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते, आणि काट्याला त्याचा पत्ता नसतो. गाडी सदुसष्टने पळत होती.

"जावईबापू, उतार आहे. जरा बेताने घ्या."

"साठच आहे मामा, बघा ना." जावई हसला. "तुम्हाला त्या खटाऱ्याची सवय. ही रस्त्याला चिकटून चालते. टायरच तसे आहेत!"

टायर कसे आहेत ते सासऱ्यांनी सकाळीच पाहिलं होतं. डिकीत पिशव्या ठेवून पुढे येताना ते चाकापाशी वाकले होते. कुणीतरी वापरून काढलेले टायर. पुढचे दोन्ही झिजून पार गोटा झालेले. बोट फिरवलं तर खाच लागेना. जीभ चावून ते मुकाट्याने गाडीत बसले होते. चार दिवसांसाठी लेकीकडे आलेला माणूस, जावयाच्या हौसेला नाट कशाला लावा?

मागच्या सीटवर लेक दोन वर्षांच्या नातीला मांडीवर घेऊन बसली होती. दिवसभर फिरून नात झोपेला आली होती.

पुढच्या वळणावर कड्यातून झिरपलेलं पाणी रस्ताभर पसरलं होतं. सासऱ्यांनी नकळत दोन्ही पाय गाडीच्या तळाशी रोवले.

जावयाने स्टिअरिंग फिरवलं. चाकं वळली, गाडी वळली नाही. ती होडीसारखी पाण्यावरून सरळ कठड्याकडे निघाली. जावयाने ब्रेकवर होता नव्हता तेवढा जोर टाकला. गाडी तशीच घसरत राहिली.

"ब्रेक सोड!" सासरे ओरडले. "सोड म्हणतो ना गाढवा! स्टिअरिंग सरळ कर! थांब... आता वळव. हळू!"

पाय निघाला. चाकं फिरली. पाणी संपलं तशी कोरड्या डांबराने चाकं धरली आणि गाडी हिसका देऊन वळली. कठडा बाजूला खरडत गेला, आरसा तुटून उडाला. मग सगळं थांबलं. कठड्यापलीकडे खाली झाडांचे शेंडे दिसत होते.

नात दचकून उठली आणि भोकाड पसरून रडू लागली. त्या रडण्यानेच सगळ्यांच्या जिवात जीव आला.

लेक तिला घेऊन खाली उतरली.  ती गाडीला वळसा घालून पुढे आली, तिने चाकाकडे पाहिलं, मग त्या काळ्या, गुळगुळीत रबरावरून हात फिरवला.

जावई स्टिअरिंग धरून बसला होता. "साठच होता गं," तो म्हणाला. "आईशप्पथ, साठच होता."

 तिने वडिलांकडे पाहिलं.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

सासरे गाडीतून उतरून उभे होते. "सकाळीच दिसलं होतं," ते म्हणाले.

"मग?"

"अगं, जावयाला कसं..." 

तिने पोरीला कडेवर सावरलं, पदराने तिचं नाक पुसलं आणि ती उतारावरून चालू लागली. घर अजून सहा किलोमीटर होतं. जावईही खाली उतरला. दोघे पुरुष गाडीच्या दोन बाजूंना उभे राहून तिच्याकडे बघत राहिले. हाक मारायची हिंमत दोघांचीही झाली नाही.